मोकळं म्हणजे बेवारस नव्हे
(राजघाट, बऱ्हाणपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



२०२५च्या मार्चमध्ये असीरगडाच्या पायथ्याची शेतं लोकांनी रात्री बॅटऱ्यांच्या उजेडात उकरली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'छावा' चित्रपट नुकताच येऊन गेला होता. त्याच्या सुरुवातीलाच १६८१ची बऱ्हाणपूरची लूट आहे, आणि मोगलांचं सोनं अजून इथंच कुठेतरी पुरलेलं आहे अशी आवई उठली. कोणाला काय सापडलं ते सोडून देऊ. पण उकरणाऱ्यांपैकी कितीजणांना १८७८चा निखात निधी कायदा माहीत होता? जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर तो कलेक्टरला कळवावा लागतो. सापडला म्हणून आपला, असं होत नाही.

मला आज दुसऱ्या एका उकरण्याबद्दल बोलायचं आहे. हे कामही रात्रीच चालतं, फक्त बॅटरीऐवजी मोबाइलच्या उजेडात. घरबसल्या पुस्तक काढायचं ठरवलेली तरुण मुलं इंटरनेटवर चित्रं, नकाशे, नियम, मजकूर गोळा करतात. 'तिथं मोकळं होतं, घेतलं.' छपाईला जाणाऱ्या पुस्तकांची शेवटची पानं तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानावर सारखं येतं. त्यातला 'मोकळं' हा शब्द बहुतेक वेळा खरा असतो. चूक होते ती 'घेतलं' म्हणताना, कारण देणाऱ्याने काहीतरी अट घातलेली असते आणि घेणाऱ्याने ती वाचलेली नसते.

उदाहरण म्हणून मी एक खेळ निवडला आहे. कार्यकर्त्यांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला, आणि पलीकडे थोडा वेळ आवाजच आला नाही. तेव्हा आधी खेळ सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कोणी मोगल सरदार खान-ए-खानानच्या दरबारातला हेर, कोणी पलीकडच्या झैनाबादचा नावाडी, कोणी दख्खनेतून आलेली वैदू बाई. 'कुंडी भंडाऱ्याच्या बोगद्यात पाणी अचानक चढू लागलंय, काय करता?' असं गोष्टवाला विचारतो. खेळाडू सांगतात आणि वीस बाजूंचा फासा टाकतात. फाशावर जमलं की नाही ते ठरतं आणि गोष्ट पुढे सरकते. पट नाही, सोंगट्या नाहीत, हरणं-जिंकणं नाही. लागतात ती पुस्तकं: नियमांची, जगाची, साहसकथांची. या पुस्तकांचाच मोठा व्यवसाय आहे. त्याची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने झाली. पुढे तो खेळ काढणारी कंपनी १९९७मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९मध्ये विझार्ड्सलाच हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपनीने विकत घेतलं.

२००० साली विझार्ड्सने एक धाडस केलं. खेळाच्या नियमांचा गाभा एका वेगळ्या दस्तऐवजात काढला आणि 'ओपन गेम लायसन्स' नावाच्या परवान्याखाली सगळ्यांना वापरायला दिला. हिशोब धंद्याचाच होता. आपल्या नियमांवर दुसऱ्यांनी साहसकथा लिहिल्या तर मूळ नियमपुस्तकाचा खप वाढेल. तो वाढला. शेकडो छोटे प्रकाशक या परवान्यावर उभे राहिले.

त्या परवान्याचं पंधरावं कलम मला फार आवडतं. त्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी, ज्या-ज्या पुस्तकांतून मोकळा मजकूर घेतला त्यांच्या स्वामित्वाच्या ओळी जशाच्या तशा उतरवायच्या, आणि त्या पुस्तकांनी ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याही. खाली स्वतःची ओळ. पुढचा लेखक तुमची ओळ उतरवून त्याखाली आपली लिहिणार. तीर्थाच्या पंड्याच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावं सापडतात तसा हा प्रकार. काही पुस्तकांत ही यादी बारीक टाइपात अख्खं पान व्यापते. एखादा राक्षस मूळ कोणी कल्पिला, त्याची ताकद कोणी वाढवली, तो दुसऱ्या पुस्तकात कसा गेला, हे त्या पानावर कळतं. संपादक म्हणून सांगतो, इतकं प्रामाणिक पान आपल्याकडच्या संशोधनाच्या पुस्तकांतही क्वचित पाहायला मिळतं.

याच परवान्याने प्रत्येक पुस्तकात दोन भाग पाडायला लावले. एक मोकळा खेळ-मजकूर, तो कोणीही घ्यावा. दुसरा प्रकाशकाची ओळख ठरणारा मजकूर: पात्रांची नावं, ठिकाणं, कथानकं, चित्रं. याला हात लावायचा नाही. भाग कसे पाडायचे हे ज्याने-त्याने ठरवायचं, पण पुस्तकात स्पष्ट लिहायचं. न लिहिणारे निघालेच, आणि त्यांच्या पुस्तकातून काही घ्यायचं तर वकिलालाही घाम फुटतो.

तेवीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग जानेवारी २०२३मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर कमाई असेल तर हिशोब कळवा. ७,५०,००० डॉलरच्या वर असेल तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी द्या. आणि जुना परवाना यापुढे 'अधिकृत' राहणार नाही. शेवटची अट सगळ्यांत जिव्हारी लागली. जुन्या परवान्यात 'कायमस्वरूपी' असं लिहिलं होतं, 'अपरिवर्तनीय' असं लिहिलं नव्हतं, आणि त्या फटीतून कंपनी हात घालू पाहत होती. ज्यांचं घर त्या परवान्यावर चालत होतं ते हादरले. खेळणाऱ्यांनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. पायझो या प्रतिस्पर्धी प्रकाशकाने वेगळ्या परवान्याची घोषणा केली, तो त्याच वर्षी जूनमध्ये तयार झाला. विझार्ड्सने सुधारित मसुद्यावर मतं मागवली. १५,०००हून अधिक लोकांनी ती दिली, आणि ८८ टक्के म्हणाले की या परवान्याखाली आम्ही काही प्रकाशित करणार नाही.

२७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली, आणि मागितलं होतं त्याहून जास्त दिलं. जुना परवाना तसाच ठेवला आणि नियमांचा सुमारे चारशे पानांचा दस्तऐवज, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेयनिर्देश ४.०' परवान्याखाली सोडून दिला. तोंडी भाषेत 'सीसी बाय'. हा परवाना कंपनीने लिहिलेला नाही. लॉरेन्स लेसिग आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये उभारलेल्या, ना-नफा चालणाऱ्या संस्थेचा तो आहे, आणि तुम्ही अटी पाळत असाल तर तो परत घेता येत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. २०२५मध्ये नव्या आवृत्तीचा दस्तऐवज, ५.२, हाही त्याच परवान्याखाली आला.

म्हणजे आज बऱ्हाणपूरच्या एखाद्या मुलीने हे नियम मराठीत आणले, छापले, विकले, तर कोणाला पैसे द्यायचे नाहीत आणि कोणाला विचारायचंही नाही. भाषांतर हा आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १४व्या कलमाप्रमाणे मूळ लेखकाचा हक्क आहे, तो इथं परवान्याने मिळतो. एवढंच करायचं की कंपनीने सांगितलेली दोन वाक्यांची श्रेयाची नोंद जशीच्या तशी छापायची, परवान्याचा पत्ता द्यायचा आणि आपण बदल केले आहेत हे सांगायचं. मराठी केलं हाही बदलच.

पण त्या दस्तऐवजात, म्हणजे ५.१मध्ये, नेमकं काय आहे, हे उघडून पाहा. त्यात राक्षस आहे. आपलाच, तोच शब्द. संरक्षण १६, प्राण ११०, आव्हान १३. सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याला इच्छेविरुद्ध बाधत नाहीत. सज्जनाच्या हातातल्या मंतरलेल्या टोकदार शस्त्राने मात्र जबर इजा होते. हे आकडे आणि शक्ती मोकळ्या आहेत. पण कंपनीच्या जाड चित्रमय पुस्तकात या राक्षसाला वाघाचं तोंड आहे, उलटे तळहात आहेत आणि ऐटदार कपडे आहेत. ते चित्र आणि ते वर्णन या दस्तऐवजात नाही. तेव्हा आकडे घ्या आणि रूप स्वतःचं द्या. रामायण-महाभारतात वाढलेल्या माणसाला त्यासाठी अमेरिकेचा उलट्या तळहाताचा वाघ लागावा, हे मला तरी नामुष्कीचं वाटतं.

इथं कोणी चलाख श्रोता विचारेल, की नियमांवर मुळात हक्क असतो का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं सगळ्यांत सुरेख उत्तर आपल्याच देशातल्या खटल्यात आहे.

कोलकात्याच्या दोन भावांनी 'स्क्रॅब्युलस' नावाचा शब्दखेळ इंटरनेटवर आणला होता. फेसबुकवर तो तुफान चालला. तो 'स्क्रॅबल'सारखाच होता हे कोणी नाकारत नव्हतं. अमेरिका-कॅनडात स्क्रॅबलचे हक्क हॅस्ब्रोकडे, बाकी जगात मॅटेलकडे. हॅस्ब्रोने तिकडे दावा लावला, मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात आली. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी सप्टेंबर २००८मध्ये अंतरिम अर्जावर जो निकाल दिला, तो खेळाची पुस्तकं काढणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. मॅटेलचं म्हणणं होतं की पट, त्यावरच्या रंगीत चौकटींची मांडणी आणि नियम हे सगळं आमचं लेखन आहे. न्यायालयाला ते प्रथमदर्शनी पटलं नाही. एखादी कल्पना मांडायचे मार्गच दोन-चार असतील तर त्या मांडणीवर हक्क दिला की कल्पनेवरच हक्क दिल्यासारखं होतं. खेळाचे नियम बहुधा असेच असतात. त्या मुद्द्यावर भाऊ सुटले. पण नावावर अडकले: 'स्क्रॅब्युलस' हे नाव 'स्क्रॅबल' या व्यापारचिन्हाच्या इतकं जवळ होतं की ते वापरायला मनाई झाली. खेळ पुढे 'लेक्स्युलस' या नावाने चालू राहिला. न्यायालयात पट टिकला, नाव गेलं.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलं होतं. 'हम हिंदुस्थानी' हे त्यांचं नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांचा विषय एकच, प्रांताभिमान. विषय कोणाचाही, मांडणी ज्याची त्याची, असा निर्णय झाला. तेव्हा 'फासा टाका, त्यात कौशल्याचा आकडा मिळवा, अवघडपणाच्या आकड्याशी ताडून पाहा' ही रीत कोणाच्या मालकीची नाही. ती ज्या वाक्यांत समजावली आहे ती वाक्यं कोणाची तरी असतात. परवान्याचा खरा फायदा असा, की ही सीमारेषा नेमकी कुठे आहे यावर भांडण्याची गरजच उरत नाही. नाव मात्र परवान्यानेही मिळत नाही. व्यापारचिन्हाचे हक्क त्यातून दिले जात नाहीत हे सीसी बायमध्ये लिहिलेलंच आहे. 'पाचव्या आवृत्तीशी जुळणारं' असं लिहिता येतं, त्यांचं बोधचिन्ह मुखपृष्ठावर टाकता येत नाही.

आता आपण या घाटावर बसून एक पुस्तक मनातल्या मनात करू. साहसकथा, घडते १६६७च्या ऑगस्टमध्ये. मिर्झाराजे जयसिंग याच शहरात अखेरचे दिवस मोजत आहेत, शिवाजी महाराज आग्र्याहून निसटून गेल्याला वर्ष झालं आहे. आणखी छत्तीस वर्षं मागे जा, १६३१मध्ये मुमताज इथं वारली, पलीकडे आहूखान्यात तिला आधी ठेवलं. १६१५च्या सुमाराचा कुंडी भंडारा, जमिनीखालून सातपुड्याचं पाणी आणणारा, वर शंभरावर कुंड्या. जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख. सांगायला मजा येते आणि यातल्या कशावरही कोणाचा हक्क नाही. इतिहासातली घटना मालकीची नसते.

पण शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीतला प्रसंग, त्यांनी घातलेला संवाद, तो त्यांचा. ते २००२मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१० अखेर सर्वांचं झालं. बाबासाहेबांचं २०१६ अखेर. ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांचे हक्क १९९१ अखेर संपत आले तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली. विश्वभारतीचं भलं झालं, त्या वर्षांत थांबलेल्या बाकीच्या पुस्तकांचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. चित्रांनाही हाच हिशोब. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं खुशाल वापरा. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांच्या चित्रांसाठी २०३१ अखेरपर्यंत परवानगी लागेल. जुना दिवाळी अंक रद्दीत मिळाला म्हणून त्यातलं चित्र मोकळं होत नाही.

कुंडी भंडाऱ्याचा फोटो विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलात, तर खालचा परवाना वाचा. बहुतेक वेळा तो 'बाय-एसए' असतो, श्रेयनिर्देश आणि समवाटप. फोटो आहे तसा पानावर छापला आणि खाली छायाचित्रकाराचं नाव व परवाना दिला, तर तुमचं बाकीचं पुस्तक त्या अटीत येत नाही. पण त्याच फोटोवर रंगकाम करून, त्यात मशाल घेतलेला नायक बसवून मुखपृष्ठ केलं, तर ते मुखपृष्ठ त्याच परवान्याखाली सगळ्यांना द्यावं लागतं. मराठी विकिपीडियाचा उतारा उचलून फिरवून लिहिला, तरी तीच गत. 'एनसी', म्हणजे 'व्यापारी वापर नको', दिसलं तर विक्रीच्या पुस्तकात नको. छपाईखर्चापुरते पन्नास रुपये घेतले तर चालेल का, या वादात मुळीच पडू नका, दुसरा फोटो शोधा. 'एनडी', म्हणजे 'बदल नको', दिसलं तर भाषांतर करून छापायलासुद्धा मनाई. आणि सगळ्यांत धोक्याचं म्हणजे, ज्याने चढवलं तोच मालक आहे याची खात्री कोणी देत नाही. कॅलेंडरचं चित्र स्कॅन करून 'माझं' म्हणून चढवणारे असंख्य आहेत, आणि जो मालकच नाही त्याने दिलेल्या परवान्याला कवडीची किंमत नसते. त्या चित्रकाराचं नाव दुसरीकडे मिळतं का, एवढं तरी पाहा.

तापीच्या दोन्ही काठांचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून काढता येईल, त्याच्या योगदात्यांचं नाव घालून. अक्षरं? यात मराठी माणूस खरोखर श्रीमंत आहे. मुंबईच्या एक टाइपने 'मुक्ता', 'बलू', 'मोदक' हे देवनागरी फॉन्ट मोकळ्या फॉन्ट परवान्याखाली दिले आहेत. ते वापरून छापलेल्या पुस्तकावर त्या परवान्याची कुठलीही अट लागत नाही, फक्त फॉन्ट एकटाच विकायचा नाही. 'मोदक'मध्ये मजकूर जुळवू नका, तो मथळ्यांचा फॉन्ट आहे. असा मजकूर वाचायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

आता परका परवाना सोडून शेजारच्या मित्राकडे येऊ, कारण घोटाळे तिथं जास्त होतात. मित्र चित्रकार. राजघाटासमोर पात्रात जो दगडी हत्ती आहे, तो पुरातून उठून उभा राहतो असं फक्कड चित्र त्याने काढून दिलं, तोंडी, दोस्तीखात्यात. आपल्या कायद्याच्या ३०व्या कलमाप्रमाणे परवाना लेखी लागतो. आणि १९व्या कलमात एक गोष्ट आहे, जी फार थोड्या प्रकाशकांना माहीत असते. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परवान्यांनाही हे कलम लागू केलेलं आहे. म्हणजे चिठ्ठीवर 'चित्र वापरायला हरकत नाही' एवढंच असेल, तर सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाला पन्नास प्रती पाठवताना, मैत्री टिकून असली तरी कागद टिकत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने इथं शहाणे ठरतात, कारण जगभर आणि हक्काची मुदत संपेपर्यंत, हे दोन्ही त्यांत लिहिलेलं असतं. मित्राला कुठला परवाना हवा ते विचारा, एका ओळीत लिहून घ्या, तारीख टाका.

राहिला तुमचा स्वतःचा मजकूर. घेताना उदार परवाने शोधणारे लोक द्यायची वेळ आली की 'सर्व हक्क राखीव' छापतात, तेही सवयीने. कायद्याच्या २१व्या कलमाने हक्क पूर्ण सोडूनही देता येतो, पण तेवढी घाई कोणी करू नये. माझं मत असं, की तुम्ही मराठीत आणलेले नियम, तुम्ही घडवलेले 'वैदू', 'नावाडी', 'बारगीर' यांचे आकडे आणि कौशल्यं सीसी बायखाली द्यावीत. पात्रांची नावं, कथानक आणि मित्राचा हत्ती राखून ठेवावा. कुठलं पान कुठल्या खात्यात, ते पुस्तकातच लिहावं. रावेरचा किंवा बुलढाण्याचा मुलगा उद्या तुमचा नावाडी घेऊन पूर्णा नदीवरची साहसकथा लिहील आणि शेवटच्या पानावर तुमच्या ओळीखाली आपली ओळ घालेल. विझार्ड्सची मूळ इंग्रजी नोंद तुमच्याकडून त्याच्याकडे तशीच गेली पाहिजे, ती मराठी करून छापायचा मोह टाळा. हवं तर खाली मराठी अर्थ द्या.

आणि चूक झालीच, नाव राहिलं, परवान्याचा पत्ता चुकला, तर सीसी ४.०मध्ये सोय आहे. लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली तर संपलेला परवाना आपोआप पुन्हा चालू होतो. छापील प्रतींसाठी याचा अर्थ एवढाच, की शुद्धिपत्राची चिकटपट्टी छापून घ्या आणि उरलेल्या प्रतींवर स्वतः बसून लावा. प्रश्न असतील तर आता विचारा. परवान्याचे नमुने मी सोबत आणले आहेत.